रेंज आली की चित्र टाका
होतकरू वारली चित्रकारांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

कार्यशाळेच्या समारोपाला शहरातून आलेल्या ताई म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांनी आता ऑनलाइन यायला हवं." टाळ्या झाल्या, प्रमाणपत्रं वाटली, सगळ्यांचा मिळून फोटो निघाला. ऑनलाइन यायचं म्हणजे नेमकं कुठे यायचं, हे कुणी विचारायच्या आत ताईंची गाडी घाटाला लागली होती. जव्हारकडच्या साखरशेत आणि आसपासच्या पाड्यांवर, तसंच पलीकडे मोखाड्याच्या अंगाला, अशा टाळ्या वाजवून घरी परतलेले बरेच चित्रकार आहेत. ही मार्गदर्शिका त्यांच्यासाठी. डहाणूकडच्या मंडळींनीही वाचायला हरकत नाही. पण त्यांच्याकडे रेल्वे आहे, बरी रेंज आहे आणि जिव्या सोमा म्हसे यांचं नाव आहे. त्यांचं अर्धं काम आधीच झालेलं आहे.

साहित्य

एक फोन, एक चार्जर, आणि वीज असेल तेव्हा वीज. गेरू, शेण, कापड, बांबूची काडी, पांढरा रंग हे तुमच्याकडे असतंच, आणि त्याबद्दल तुम्हाला शिकवण्याचं धाडस इथे केलेलं नाही. रेंजची जागा ज्या त्या पाड्याची ठरलेली असते. खातं उघडताना तिथेच ठाण मांडून बसा. ओटीपी टेकाडावर येतो आणि थोड्याच वेळात मरतो; घरी जाऊन वहीत उतरवून परत येऊ, असा बेत करू नका.

खात्याला नाव देणं ही पहिली परीक्षा. 'वारली आर्ट', 'वारली आर्ट ऑफिशियल', 'रिअल वारली आर्ट' अशी सुचतील ती सगळी नावं आधीच गेलेली असतील, आणि ती घेणारा बहुधा शनिवार-रविवारच्या शिबिरात वारली शिकलेला असेल. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. तुमचं नाव आणि तुमच्या गावाचं नाव एवढं एकच त्याला घेता येत नाही, म्हणून तेच लावा. 'साखरशेत' हे नाव इंटरनेटवर कुणी मागत नाही. चांगलं मोकळं पडलं आहे.

फोटो

चित्र चांगलं आणि फोटो वाईट असला, तर ऑनलाइन जगात चित्र वाईट असतं. हे मान्य करून पुढे चला. दुपारच्या उन्हात कापड अंगणात पसरून फोटो काढू नये. पांढऱ्या रेषा फुलतात आणि गेरू भडक केशरी दिसतो. फ्लॅश तर नकोच. सकाळी, ओटीच्या सावलीत, कापड ताणून बांधावं आणि फोन बरोबर समोर, चित्राला समांतर धरावा. तिरका धरला की चौकट कलते, आणि बघणाऱ्याला वाटतं तुमचाच हात कलला. कोंबड्या आधी हाकलाव्यात. फोनमध्ये 'ब्यूटी' नावाची एक सोय असते, तीही बंद करावी. ती माणसांच्या गालांसाठी आहे. वारली माणसाला गाल नसतात.

एक फोटो मात्र अगदी जवळून काढा. काडी रंगात बुडवून टेकवली की पहिला ठिपका जाड पडतो, मग रेघ बारीक होत जाते, रंग संपत आला की जराशी खरखरते, आणि पुन्हा बुडवल्यावर एकदम जाड होते. बैलाच्या शिंगात, भाताच्या लोंबीत, नाचणाऱ्या बाईच्या दंडात हा चढउतार दिसतो. कपांवर आणि उशीच्या अभ्र्यांवर जे छापील वारली असतं, त्यात सगळ्या रेघा एकाच जाडीच्या. शहरातल्या गिऱ्हाइकाला हे तोंडी सांगून पटत नाही. जवळच्या फोटोत त्याला ते स्वतः दिसतं, आणि एकदा दिसलं की घासाघीस करताना त्याचा आवाज जरा उतरतो.

पूर्ण आकाराची फाइल मात्र कुठेही चढवू नका. इन्स्टाग्राम तसंही चित्र १०८० पिक्सेल रुंदीवर आणून ठेवतं, तेवढीच द्या. मोठी फाइल एकदा वर गेली की तुमच्या आधी ती कुठल्यातरी छपाईच्या कारखान्यात पोचलेली असेल.

इन्स्टाग्राम

इथे सगळे जातात, म्हणून तुम्हीही जाल. २०१० साली हे फोटो दाखवण्यासाठी सुरू झालं. आता फोटो टाकणाऱ्यांकडे ते जरा दयेने बघतं. त्याला रील हवी. चित्राला आठवडा लागो, रील अर्ध्या मिनिटात संपली पाहिजे, आणि तिच्यावर त्या आठवड्यात चालणारं गाणं हवं. तुम्हाला तारपा लावायचा मोह होईल. जरूर लावा. जव्हारजवळच्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांसारखे तारपावादक ज्या मुलखात आहेत, त्या मुलखाने रीलसाठी गाणं उसनं कशाला आणायचं? फक्त वाजवणाऱ्याला आधी विचारा आणि त्याचं नाव खाली लिहा. इतरांनी तुमच्या चित्राच्या बाबतीत जे करावं असं तुम्हाला वाटतं, त्याची ही रंगीत तालीम समजा.

प्रोफाइलवर पूर्वी चित्रं चौकोनी कापली जायची, २०२५ पासून उभी कापली जातात. तारप्याचं रिंगण चौकोनात छान बसायचं. लग्नाची वरात मात्र आडवी असते. तिची उभी कापणी झाली की मधले वाजंत्री तेवढे उरतात, नवरदेव एका बाजूने बाहेर आणि करवल्या दुसऱ्या बाजूने. यावर उपाय म्हणजे वरातीचे तुकडे करून एकापुढे एक लावणं. एका पोस्टमध्ये आता २० चित्रं मावतात. आपल्याकडच्या वऱ्हाडाला तेवढीही पुरायची नाहीत, पण नाइलाज आहे.

'वारली' हा हॅशटॅग उघडून बघा. किल्ल्या अडकवायच्या पाट्या, रंगवलेल्या पणत्या, कुर्त्या, नखांवरची नक्षी, आणि मध्येच कुठेतरी वारली. तो लावाच, पण त्याच्या जोडीला 'जव्हार', 'मोखाडा', 'साखरशेत' हेही लावा. उद्या जव्हारला राजवाडा आणि दाभोसा धबधबा बघायला निघालेला माणूस फोनवर जव्हार शोधतो, वारली शोधत नाही. तो इथे येणारच आहे, पेट्रोलचे पैसे त्याने काढून ठेवलेत. त्यात एका चित्राचे पैसे वाढवणं सोपं असतं.

अल्गोरिदम नावाचा जो कोणी हे सगळं चालवतो, त्याला शेतीतलं कळत नाही. आवणीच्या दिवसांत तुमचे हात चिखलात असतात, दिवाळीनंतर पाड्यावरची निम्मी घरं कुलूप लावून भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. तेवढ्यात तो तुम्हाला विसरून मोकळा होतो. यावर एक सोय आहे. व्यावसायिक खातं केलंत, तर पोस्ट ७५ दिवस आधी लावून ठेवता येते. आवणी त्यात आरामात बसते. वीटभट्टीचा हंगाम बसत नाही. तो कॅलिफोर्नियात अजून कुणी समजावून सांगितलेला नाही.

आता बायो, म्हणजे स्वतःची ओळख. तिथे 'निसर्गाशी एकरूप', 'हजारो वर्षांची परंपरा' आणि 'पूर्वजांच्या कथा' यांपैकी निदान दोन गोष्टी नसतील, तर शहरी पाहुण्याला तुमच्याबद्दल शंका येते. चित्रांचंही तेच. तारपा, भातलावणी, ताडाचं झाड, वारूळ काढलंत तर तुम्ही अस्सल. विटांचा ट्रक, रेशनची रांग, टेकाडावर फोन उंच धरून उभी राहिलेली पोरं काढलीत, तर लगेच विचारणा येते: "हे ट्रॅडिशनल आहे का?" उत्तर तयार ठेवा: "हो. समोर दिसतं ते काढायची आमची परंपरा आहे." वारली चित्रांत सायकल आणि आगगाडी केव्हाच येऊन बसली, ट्रकनेच काय घोडं मारलं आहे? माझं मत विचाराल तर ट्रकवाली चित्रं बहुतेक वेळा जास्त चांगली असतात, कारण ती काढताना गिऱ्हाईक डोळ्यांपुढे नसतं. विकली कमी जातात. म्हणून खात्यावर दोन्ही ठेवा: तारपा विकायला, ट्रक अडकवायला. एखादा संपादक किंवा गॅलरीवाला कधी थांबलाच, तर ट्रकपाशी थांबेल.

सही

इथे मार्गदर्शिका जरा रेंगाळणार आहे. घाई असेल त्यांनी पुढे जावं, पण सही करून.

लग्नघराच्या भिंतीवर चौक लिहायच्या त्या सवाष्णी. चौकात पालघाट देवी बसायची, धवलेरी गाणी म्हणायची, लग्न लागायचं. खाली सही नसायची, कारण कुणाचा हात फिरलाय हे सगळ्या पाड्याला ठाऊक. मग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, सरकारी हस्तकला खात्यासाठी हिंडणारा भास्कर कुलकर्णी हा चित्रकार, मधुबनीकडे असंच काम करून, इकडे वारल्यांच्या पाड्यांवर आला. त्याच्यामुळे भिंतीवरचं कागदावर आलं. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे लग्नाची वाट न बघता रोज काढत होते. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या मोठ्या प्रदर्शनात चित्रं लागली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. या सबंध प्रवासात रील एकही नाही. होता तो एक माणूस, जो पाड्यावर येऊन बसायचा आणि मुंबईला परत गेल्यावर काढणाऱ्याचं नाव सांगायचा. अशा माणसाचं ॲप अजून निघालेलं नाही, त्यामुळे त्याचं काम तुम्हालाच करायचं आहे.

आणि त्या सवाष्णींची नावं? ती कुठल्याच कॅटलॉगात नाहीत. पाड्याला माहीत होती, बाहेर कुणी सांगितली नाहीत. ऑनलाइन जगात पाडाच नसतो, तिथे कुणालाच काही ठाऊक नसतं. म्हणून सही. ती कोपऱ्यात करू नका, कोपरा पहिला कापला जातो. रिंगणातल्या नाचणाऱ्यांच्या पायाशी करा, झाडाच्या बुंध्याला लागून करा, म्हणजे ती कापायची तर चोराला चार माणसांचे पाय कापावे लागतील.

कायद्यातलंही थोडं ठाऊक असू द्या. तुम्ही काढलेल्या चित्रावर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने तुमचा हक्क असतो, नोंदणी केलेली नसली तरी. तो तुमच्या हयातीत आणि तुमच्यामागे ६० वर्षं टिकतो. चित्र विकलं म्हणून 'हे मी काढलं' म्हणायचा हक्क विकला जात नाही, ते कलम ५७. शिवाय डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाच्या खटपटीने वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते सगळ्यांचं मिळून आहे. तुमच्या एका चित्राचा पहारा ते करत नाही.

त्याच २०१४ मध्ये, १ ऑगस्टला, ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, आणि ३० सप्टेंबरला ऑर्कुट बंद पडलं. त्या तिन्हींतल्या पहिल्या दोन गोष्टी, मानांकन आणि जिल्हा, अजून टिकून आहेत. पुढे २०१९ मध्ये गूगल प्लस गेलं, आणि जून २०२० मध्ये टिकटॉक आपल्याकडे एका रात्रीत बंद झालं. त्यावर नाचाचे आणि चित्रांचे व्हिडिओ टाकणाऱ्या गावोगावच्या पोरांकडे जमवलेल्या माणसांपैकी एकाचाही फोन नंबर नव्हता. म्हणून चित्र घेणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाव, नंबर एका वहीत लिहा. कागदाच्या वहीत.

बिहान्स

कामं मांडून दाखवायचं हे संकेतस्थळ २००५ मध्ये सुरू झालं, २०१२ मध्ये ॲडोबीने घेतलं. पुस्तकं काढणारे, जाहिरातवाले, मासिकांचे कलासंपादक चित्रकार शोधायला इथे येतात, त्यामुळे मुलांच्या पुस्तकांची कामं हवी असतील तर थारा इथे आहे. अडचण एवढीच की इथे चित्र नुसतं टाकून चालत नाही, 'प्रकल्प' करून टाकावं लागतं: क्लायंट कोण, मागणी काय, प्रक्रिया काय. गांगरून जाऊ नका. नमुन्यादाखल: 'क्लायंट: नवरीचा बाप. मागणी: लग्न परवा आहे. प्रक्रिया: भिंत सारवली, वाळेना, पुन्हा सारवली. आव्हान: पोरं हात लावत होती.' एवढ्यावर शहरात पदव्या मिळतात.

गंमत सोडा, पण पुस्तकाचं काम मिळालं तर मुखपृष्ठावर नाव मागा. चेन्नईच्या तारा बुक्सने वारली चित्रांचं 'डू!' नावाचं मुलांचं पुस्तक काढलं, त्यावर चित्रकारांची नावं लेखिकेच्या जोडीने छापली आहेत. म्हणजे असं करता येतं. 'आमच्याकडे तशी पद्धत नाही' असं कुणी म्हणालं, तर हे पुस्तक दाखवा.

पिंटरेस्ट

इथे काही टाकू नका. तुमचं चित्र इथे आधीच आहे, खाली नाव दुसऱ्याचं आहे.

एट्सी आणि परदेश

ही पायरी ज्यांच्याकडे पॅन कार्ड, डॉलर घेऊ शकणारी व्यवस्था आणि इंग्रजीत भांडू शकणारा भाचा आहे, त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी गाळावी. एट्सी या ऑनलाइन बाजारात प्रत्येक वस्तू मांडायला २० सेंट लागतात, मांडणी चार महिने टिकते, आणि विक्री झाली की साडेसहा टक्के कापतात. कापड नळीत गुंडाळून पाठवावं, घडी घालू नये; घडीवर रंग उडतो आणि मग समुद्रापलीकडचं गिऱ्हाईक फोटोसकट तक्रार करतं. तुम्ही शिकलेली जवळून फोटो काढायची विद्या इथे तुमच्यावरच उलटते.

सरकारी दुकानंही ऑनलाइन आहेत. ट्रायफेडचं 'ट्राइब्ज इंडिया' आणि वस्त्रोद्योग मंत्रालयाचं 'इंडियाहँडमेड' ही त्यांतली दोन. त्यातल्या दुसऱ्यासाठी हस्तकला आयुक्तालयाचं कारागिराचं 'पहचान' कार्ड आधी काढून ठेवा. ते इतर ठिकाणी, प्रदर्शनांच्या अर्जांतही उपयोगी पडतं. अर्ज भरताना चिकाटी लागते, पण ज्याने रिंगणातली शंभर माणसं एकेक करून काढली आहेत त्याला चिकाटी शिकवायची गरज नाही.

यंत्राबद्दल थोडं

२०२२ पासून 'वारली चित्र काढ' असं टंकलं की यंत्र काढून देतं. त्यातलं रिंगण नीट बघा. तारपावाल्याकडे पाठ करून नाचणारी माणसं दिसतील, आणि तारप्याच्या जागी सनईसारखं काहीतरी. त्या वर्षी डेव्हिअंटआर्ट या चित्रकारांच्या संकेतस्थळाने सदस्यांची चित्रं यंत्राच्या शिकवणीला आपोआप वापरता येतील अशी सोय केली, चित्रकार भडकले, मग मागे घेतली. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालकांनीही लोकांच्या उघड्या पोस्ट यंत्राला खाऊ घातल्याचं सांगितलेलं आहे. तुम्ही एकट्याने हे थांबवू शकत नाही. लहान फाइल टाकणं आणि चित्रामागची गोष्ट मराठीत किंवा वारलीत, स्वतःच्या आवाजात सांगणं, एवढं हातात आहे. तारपावाल्याकडे पाठ का करायची नाही हे तुमच्या आजीला माहीत आहे, यंत्राला नाही. आजीला व्हिडिओत घ्या. तिला विचारून.

सहीचा सल्ला मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटे घालून सोंगं करणाऱ्यांनाही. बोहाड्याला कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची गर्दी दरवर्षी वाढते आहे, मुखवट्यांचे फोटो देशभर फिरतात, नावं फोटोग्राफरांची. मुखवटा कुणी केला, कुणी रंगवला, हे खाली लिहिलेलं क्वचित सापडतं. पुढच्या बोहाड्याला मुखवट्याच्या कपाळाखाली, नाहीतर मुकुटाच्या काठावर, जिथे कॅमेरा हमखास पडतो तिथे, नाव आणि गाव रंगवा. देवाची हरकत असेल तर भगताला विचारून घ्या.

शेवटी जिथे पैसे आहेत ते

एवढं वाचून झाल्यावर सांगायला हरकत नाही की तुमची बहुतेक कामं व्हॉट्सॲपवरून येणार आहेत. मुख्याध्यापक, ग्रामसेवक, रिसॉर्टवाले, ठेकेदार, नाशकाहून येऊन फार्महाऊस बांधणारे डॉक्टर, यांतलं कुणीही बिहान्सवर नाही. ते फेसबुकवर 'खूप छान सर' लिहितात आणि व्हॉट्सॲपवर भिंतीचा फोटो पाठवतात. त्यामुळे व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, फुकट आहे. त्याच्या कॅटलॉगात आठ-दहा चित्रं आणि पूर्ण झालेल्या भिंती टाका, प्रत्येकीखाली नाव, गाव, तालुका, आकार आणि दर. इन्स्टाग्राम दूरच्यांना दाखवायला, बिहान्स पुस्तकवाल्यांसाठी, आणि चूल पेटती ठेवायला हे.

भिंतवाल्यांत एक जात 'एक्सपोजर' देणाऱ्यांची असते. "आत्ता बजेट नाही, पण आमच्याकडे मोठमोठे लोक येतात, तुमचं काम सगळे बघतील." त्यांना नम्रपणे लिहा: "चालेल. मोठे लोक आले की त्यांचाच नंबर द्या, त्यांची भिंत करतो."

दर चौरस फुटाचा सांगा आणि आधीच सांगा. 'बोलून ठरवू' लिहिलंत तर समोरचा नुसता बोलतच राहतो. निम्मे पैसे आगाऊ घ्या. भिंत सारवायची, गेरू द्यायची मजुरी वेगळी, परांची बांधायची वेगळी. सही कुठे आणि केवढी असेल तेही त्याच मेसेजमध्ये लिहून टाका, नंतर मालकीणबाईंना ती सोफ्यामागे हवी असते. आणि भिंत मोजताना खिडक्या वजा करून देऊ नका. खिडकीच्या कडेकडेने जितकी बारीक माणसं काढावी लागतात, तितकी सबंध भिंतीत लागत नाहीत.